जुन्या बोटीची डोलकाठी आणि तारा: रंगाचा डबा नंतर, टोकं आधी

जुनी शिडाची बोट घेतली की माणसाचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. डोलकाठी उतरवायची, घासून चकचकीत करायची, तिला उभी धरणाऱ्या तारा फडक्याने पुसायच्या आणि सगळं होतं तसं परत चढवायचं, एवढंच बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. माझं आयुष्य लेथवर आणि फिटरच्या बाकावर गेलं, त्यामुळे मी धातूकडे जरा संशयानेच बघतो. डोलकाठी पडते ती सहसा काठी मोडण्याजोगी झाली म्हणून पडत नाही. तिला धरून ठेवणाऱ्या साखळीतली एखादी पिन, टर्नबकल (तार आवळायचा आट्यांचा तुकडा) किंवा तारेचं टोक दगा देतं आणि वरचं सगळं पाण्यात जातं. तार मधेच क्वचित तुटते, तुटते ती टोकाशी. काठीही मधे गुळगुळीत भागात सडत नाही. सडते ती भोकांशी, बुडाशी आणि स्टेनलेसचा तुकडा चिकटलेला असतो तिथे. दोन धातू भेटतात किंवा पाणी साचतं, तिथे बघायचं. पुढचं सगळं त्याच नजरेने लिहिलंय.

माझी बोट नऊ मीटरची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. काठी अॅल्युमिनियमची, डेकवर उभी, स्प्रेडरची, म्हणजे तारा काठीपासून लांब धरणाऱ्या आडव्या हातांची, एकच जोडी. तुमची त्याच जातीची असेल तर बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतील. काठी डेकमधून खाली कीलपर्यंत, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत, जात असेल तर डेकच्या भोकातल्या पाचरी काढणं आणि तिथली गळती बंद करणं, एवढं काम वाढतं.

उतरवण्याआधी

उभ्या डोलकाठीवर करायची कामं कमी आहेत, पण ती चुकवू नका. प्रत्येक टर्नबकलचा फोटो काढा आणि बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी पट्टीने मोजून वहीत लिहा. परत उभी करताना तेवढ्यावर आणलं की काठी जवळजवळ जागेवर येते. प्रत्येक तारेला खूणचिठ्ठी बांधा: डावी वरची, उजवी खालची पुढची, वगैरे. खाली आल्यावर सगळ्या तारा सारख्याच दिसतात.

केबिनच्या दाराकडेही एकदा बघा. डोलकाठीच्या खालचं दार घासत असेल, नीट लागत नसेल, तर डेक काठीच्या दाबाने खाली बसतोय. खालचा आधाराचा खांब किंवा त्याच्या बुडाचं लाकूड कुजलेलं असू शकतं. हे काठी उभी असतानाच कळतं. ती उतरली की दार पुन्हा गुणी बाळ होतं.

बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) आणि शिडं काढा, बुडाशी विजेच्या जोडण्या सोडवा, हॅलयार्ड (शिडं वर ओढायचे दोर) काठीला घट्ट बांधून ठेवा. टर्नबकलच्या आट्यांवर आदल्या दिवशीच आत शिरणारं तेल मारा. क्रेनचा पट्टा काठीच्या समतोल बिंदूच्या वर हवा, म्हणजे बहुधा स्प्रेडरच्या मुळाशी, पण भार स्प्रेडरच्या हातांवर येता कामा नये. पट्ट्यापासून एक दोर खाली बुडाजवळच्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) बांधा, म्हणजे पट्टा वर सरकणार नाही. क्रेनने वजन पेलल्याशिवाय शेवटच्या तारा सोडायच्या नाहीत. आणि वर विजेच्या तारा आहेत का, हे बोट हलवण्याआधी बघायचं. अॅल्युमिनियमची उंच काठी आणि विजेची तार यांची भेट झाली तर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

तारा आणि त्यांची टोकं

काठी घोड्यांवर (कामाच्या आडव्या आधारांवर) आडवी पडली की मी आधी तारांकडे वळतो. उभ्या तारा बहुतेक बोटींवर १×१९ प्रकारच्या असतात: मधे एक, तिच्याभोवती सहा, बाहेर बारा. चांगल्या तारेचं स्टेनलेस ३१६ जातीचं असतं. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा जास्त टिकतं. पण स्टेनलेस गंजत नाही हा गैरसमज सोडून द्या. त्याच्यावरचा पातळ संरक्षक थर ऑक्सिजनमुळे टिकतो. खारं पाणी फटीत अडकलं, तिथला ऑक्सिजन संपला, की तो थर जातो आणि गंज आत शिरतो. बाहेरून तार लख्ख, आत पोखरलेली.

म्हणून खालची टोकं वरच्यांपेक्षा लवकर जातात. खालच्या फिटिंगचं तोंड वर असतं, त्यामुळे तारेवरून ओघळलेलं पाणी थेट त्यात उतरतं. वरच्या फिटिंगचं तोंड खाली असल्याने ते कोरडं राहतं. प्रेसमध्ये दाबून बसवलेलं फिटिंग असेल तर त्याच्या तोंडाशी तांबूस ओघळ आहे का, नळीवर उभी केसासारखी रेघ आहे का, नळी वाकलेली आहे का, हे भिंग घेऊन बघा. यातलं एक जरी दिसलं तरी ती तार बाद.

तारेवरून उघडा हात कधीही फिरवू नका. जुनी सुती चिंधी धरून ओढा. तुटलेली बारीक तार असेल तिथे चिंधी अडकते. एक जरी तुटलेली सापडली तर फक्त तेवढीच तार बदलून समाधान मानू नका, बाकीच्यांचं वयही तेवढंच असतं. खाऱ्या पाण्यातल्या बोटीच्या तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी, दिसायला चांगल्या असल्या तरी बदलाव्यात असं बहुतेक रिगर, म्हणजे डोलकाठी आणि तारांचे कारागीर, सांगतात आणि मला ते पटतं. किती वर्षांच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसेल तर म्हाताऱ्याच समजा.

टर्नबकल, टॉगल (तारेच्या टोकाला वळायला वाव देणारा सांधा) आणि चेनप्लेट (तार बोटीला जोडणारी डेकमधून जाणारी पट्टी) पुन्हा वापरायच्या असतील तर डाय पेनेट्रंटची, म्हणजे रंगाने भेग दाखवणारी, चाचणी घ्या. तीन स्प्रे येतात. तुकडा क्लीनरने साफ करा, लाल डाय मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग फडक्यावर क्लीनर घेऊन डाय पुसा. क्लीनर थेट तुकड्यावर मारला तर भेगेतला डायही धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर मारला की भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. कार्यशाळेतला माणूस म्हणून एक सांगतो: चाचणीआधी बफ किंवा कागदाने घासू नका. घासल्याने धातू भेगेवर पसरतो, तिचं तोंड बुजतं आणि डाय आत जातच नाही. पॉलिश नंतर.

नवीन तार मागवताना जुनी तार फेकू नका, तीच तुमचं माप. पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, तार ताणून धरून मोजा. टर्नबकल साधारण अर्धी उघडी असेल असा हिशोब ठेवा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. वरची टोकं रिगरकडून प्रेस करून घ्यावी, तार थोडी लांब ठेवावी आणि खालची टोकं स्क्रूने बसणारी घरी लावावी, ही माझी पसंती. माप शेवटी जागेवर घेता येतं आणि ही फिटिंग उघडून तपासता येतात, पुढच्या वेळी आतला शंकू बदलून परत वापरता येतात.

स्टा-लॉकसारखं हे स्क्रूचं फिटिंग बसवणं अवघड नाही, धीराचं आहे. कापायच्या जागी तारेला घट्ट चिकटपट्टी गुंडाळा आणि बारीक दातांच्या करवतीने सरळ काप घ्या. फिटिंगची नळी आधी तारेवर सरकवा. ही विसरली की सगळं परत. बाहेरच्या बारा तारा थोड्या उलगडा, आतल्या सातांवर शंकू बसवा, आतल्या तारा शंकूबाहेर किती राहायच्या ते उत्पादकाच्या कागदावर बघा. बाहेरच्या बारा परत शंकूभोवती सारख्या अंतराने बसवा, नळी वर ओढा, आवळा. मग सगळं परत उघडा. बारा तारा समान अंतरावर वळून बसल्यात का, शंकूच्या फटीत एखादी शिरली नाही ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. ठीक असेल तर आत सीलंट भरून पुन्हा आवळा. तोंडातून सीलंट बाहेर आला पाहिजे, तरच पाण्याला आत जागा उरत नाही.

टर्नबकलमध्ये मला ब्रॉंझची बॉडी आणि स्टेनलेसचे स्क्रू आवडतात. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना धरून बसतात आणि मग कापण्याशिवाय इलाज नसतो. तशाच असतील तर लॅनोलिनचं ग्रीस भरपूर. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टॉगल हवाच, कारण चेनप्लेट तारेच्या रेषेत तंतोतंत कधीच नसते. फोरस्टेला, म्हणजे पुढच्या तारेला, वर आणि खाली दोन्हीकडे, कारण शीड ती तार बाजूला ओढत राहतं. फोरस्टेवर शीड गुंडाळायचं फर्लर असेल तर आतली तार दिसतच नाही. ते उघडून ती बाहेर काढायला कंटाळू नका.

पिना भोकात खुळखुळत असतील तर भोक लांबट झालंय का बघा. कॉटर पिना (मोठी पिन निसटू नये म्हणून घालायच्या दोन पायांच्या बारीक पिना) दरवेळी नव्या.

चेनप्लेट

हे काम लोक टाळतात, कारण त्यासाठी केबिनमधलं लाकूडकाम काढावं लागतं. टाळू नका. डेकच्या वरचा आणि खालचा भाग दिसतो तो चांगलाच असतो. डेकच्या जाडीतून जाणारे दोन-तीन सेंटिमीटर कुणालाच दिसत नाहीत, आणि सीलंट सुकला की पाणी नेमकं तिथेच थांबतं. चेनप्लेट बाहेर काढा, तो पट्टा साफ करा, डाय मारा. खड्डे किंवा आडवी रेघ दिसली तर त्याच मापाची नवी करून घ्या, जाडी कमी करू नका. भोकाभोवती डेकच्या आतलं लाकूड काळं, ओलं लागलं तर तेवढं खरवडून काढा, वाळवा, जाड केलेला इपॉक्सी भरा आणि त्यातून नवं भोक पाडा.

काठी

आता काठी. एका टोकाला डोळा लावून शिडाच्या खाचेतून सरळ बघा. कायमचा वाक असेल तर कळतो. मग सगळं काढायचं: स्प्रेडर, दोर ओढायचे विंच, क्लीट, वरचं डोकं, बूड. आणि इथेच खरी मेहनत आहे, कारण स्टेनलेसचे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसले की दोघांमध्ये पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते आणि स्क्रू जणू वेल्ड झाल्यासारखा अडकतो.

क्रम असा. आत शिरणारं तेल मारून एक रात्र सोडा. स्क्रूच्या डोक्यातली खाच टोकदार अवजाराने साफ करा, नेमक्या मापाचं बिट घ्या, त्यावर हातोडीने दोन-चार सरळ ठोके द्या. मग हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. तरीही हलला नाही तर उष्णता. अॅल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या सुमारे २३ दशलक्षांश प्रसरण पावतं, स्टेनलेस ३१६ सुमारे १६. म्हणजे दोन्ही सारखेच तापले तरी भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं. पण हीट गन वापरा, गॅसची ज्योत नको. डोलकाठीचं अॅल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. दोनशे अंशांच्या वर बराच वेळ तापलं की ते मऊ पडतं, आणि ते मऊपण बाहेरून दिसत नाही. तेल पुसून मगच तापवा. यानेही हार मानली नाही तर डोकं ड्रिलने उडवा, फिटिंग काढा, उरलेला दांडा पकडीने फिरवा. शेवटी पूर्ण ड्रिल करून एक माप मोठ्या टॅपने नवे आटे पाडा.

सगळं निघालं की भोकांच्या कडा, वेल्डचे सांधे, स्प्रेडरची मुळं, हॅलयार्ड बाहेर पडण्याच्या खाचा आणि बूड नीट बघा. भोकापासून निघालेली रेघ म्हणजे भेग. ती रंगाखाली झाकायची गोष्ट नाही, तिथे वेल्डिंग जाणणारा रिगर लागतो. बुडाचं अॅल्युमिनियम पापुद्रे सुटून पातळ झालं असेल तर खालची एक-दोन सेंटिमीटर कापून काढता येतात, पण तेवढीच उंची बुडाखालच्या ठोकळ्याने भरून द्यावी लागते, नाहीतर सगळ्या तारा लांब होतात. बुडाच्या पट्टीला पाणी जायला भोक आहे का आणि ते मोकळं आहे का, हे बघा. बूड खाल्लं जाण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

स्प्रेडरच्या टोकांवर रबराची टोपी किंवा चिकटपट्टीचा गोळा असतो. तो काढून आत बघा. माझ्या काठीवरची एकूण एक चांगली दिसणारी टोपी आतून भिजलेली होती. आत पाणी साचून टोक खाल्लं जातं. परत लावताना पाण्याला खाली वाट ठेवा.

परत बसवताना दोन धातूंच्या मधे काहीतरी हवंच. फिटिंगखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा आणि प्रत्येक स्क्रूला टेफ-जेल किंवा ड्युरॅलॅकसारखा दोन धातू वेगळे ठेवणारा लेप. भार घेणाऱ्या फिटिंगला मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट वापरा, साधे अॅल्युमिनियमचे रिव्हेट फक्त दिव्याच्या तारेच्या पट्टीसारख्या हलक्या कामाला. नवं काही बसवायचं असेल तर जुन्या भोकांच्याच आडव्या रेषेत आणखी भोकं पाडू नका. काठीच्या परिघावर एका ओळीत भोकं म्हणजे पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखी फाटायची सोय. वरखाली फरकाने पाडा.

काठी लाकडी असेल तर हीच नजर, फक्त गंजाऐवजी कूज शोधायची. फिटिंगखालचं लाकूड आणि बूड सुईने टोचा. मऊ लागलं तर तेवढा भाग काढून नवं लाकूड तिरप्या सांध्याने जोडा, तिरपेपणा जाडीच्या किमान आठपट, बारापट असेल तर उत्तम. व्हार्निशचे सहा-आठ हात, आणि भोकांच्या आतही.

रंग

आधी ठरवा की रंग द्यायचाच आहे का. मूळचा अॅनोडाइझ्ड (विजेच्या प्रक्रियेने चढवलेला ऑक्साइडचा) थर शाबूत असेल, फक्त मळलेला असेल, तर साबणाने धुऊन मेण लावा आणि तिथेच थांबा. रंगाखाली फुगे येत राहतात आणि दर काही वर्षांनी परत तेच काम लागतं. मी माझी रंगवली नाही.

रंगवायचीच असेल तर सगळं सामान काढून, ८० च्या कागदाने सुरुवात करून १२० वर या. लोखंडी तारेचा ब्रश अॅल्युमिनियमला लावू नका, त्याचे कण रुतून बसतात आणि गंजतात. घासून झाल्यावर पुसून लगेच त्याच दिवशी अॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर, कारण घासलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइड ताबडतोब चढायला लागतं. मग इपॉक्सी, मग दोन भागांचं पॉलियुरेथेन. या रंगातलं आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट. फवारणी करायची तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, नाहीतर रोलर घ्या.

आत आणि दोर

काठी आडवी आहे तोवर आतल्या विजेच्या तारा बदलून टाका. टिन चढवलेल्या तांब्याच्या तारा घ्या, मस्तकावरच्या दिव्यांना एलईडी, रेडिओसाठी जाड कोएक्स केबल. केबलचं वजन वर जोडणीवर लटकू देऊ नका, तिला वेगळी पकड द्या. नळी नसेल तर केबलवर मीटर-मीटरच्या अंतराने तीन-तीन प्लास्टिकच्या पट्ट्या बांधा आणि त्यांची शेपटं न कापता तीन दिशांना राहू द्या. केबल काठीच्या मधोमध तरंगते आणि रात्री नांगरावर ठकठक करत नाही. पुढची केबल ओढायला एक बारीक मोकळा दोर आतच सोडून ठेवा.

हॅलयार्डसाठी पॉलिएस्टरचा डबल ब्रेड (दुहेरी विणीचा) दोर पुरेसा आहे. कमी ताणला जाणारा हवा असेल तर डायनीमा या मजबूत धाग्याचा. पूर्वी तारेचा हॅलयार्ड असेल तर वरच्या कप्पीची खाच व्ही आकाराची, तारेच्या मापाची असते. त्यात दोर घातला तर दोर चिरडतो. कप्प्या दोराच्या मापाच्या, गोल खाचेच्या करून घ्या, आणि आस घासलेला असेल तर तोही. मला लेथवर ही कामं करायला आवडतात, पण तयार कप्पी मिळत असेल तर हट्ट करू नका.

उभी करणं आणि ताण देणं

उभी केली की आधी सगळ्या तारा हाताने आवळण्याइतक्याच. स्प्रेडर किंचित वर उचललेले हवेत, असे की तारेचा कोन वर आणि खाली सारखा पडेल. खाली झुकलेला स्प्रेडर भाराखाली सरकतो. मस्तकावरून मोजायची पट्टी हॅलयार्डने वर नेऊन दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की काठी सरळ. मागे किती झुकली आहे ते बघायला मुख्य हॅलयार्डला वजन बांधून ओळंबा करा, वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं तर स्थिर राहतं.

ताण मोजायला महागडं उपकरण नसलं तरी चालतं. १×१९ तारेचा दोन मीटरचा भाग एक मिलिमीटर ताणला गेला तर तो ताण तुटण्याच्या भाराच्या पाच टक्के असतो. तार ढिली असताना दोन मीटरची घडीची पट्टी वरच्या टोकाला चिकटपट्टीने तारेला बांधा, खालचं टोक मोकळं ठेवा, तारेवर त्याच्यासमोर खूण करा. मग आवळत जा. खूण पट्टीच्या टोकापासून तीन मिलिमीटर सरकली म्हणजे पंधरा टक्के. बाजूच्या वरच्या तारांना पंधरा ते वीस टक्के ठेवावेत, खालच्यांना त्याहून कमी. डावीकडे जितके फेरे, उजवीकडे तितकेच.

शेवटची परीक्षा पाण्यात. मध्यम वाऱ्यात बोट पंधरा-वीस अंश कललेली असताना वाऱ्याआडच्या बाजूच्या तारा लोंबत असतील तर थोडं आवळा, आणि ते काम त्या सैल बाजूलाच करा, मग टॅक बदलून, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूने घेऊन, दुसरीकडे तेवढंच. डोळा शिडाच्या खाचेला लावून वर बघा. मस्तक वाऱ्याआड झुकलंय की मधला भाग, त्यावरून वरच्या तारा ढिल्या की खालच्या, ते ठरतं. वर चढून बघायचं असेल तर दोन हॅलयार्ड, दोन वेगळे क्लीट, खाली शुद्धीत असलेला माणूस.

नवी तार आणि टोकं पहिल्या काही आठवड्यांत बसतात, थोडी सैल होतात, म्हणून ताण परत मोजा. कॉटर पिनचे पाय पंधरा-वीस अंशच उघडा, पूर्ण मागे वळवले तर समुद्रात घाईत काढता येत नाहीत. पिनवर चिकटपट्टीचा एकच फेरा पुरे, शिडं आणि पायाची कातडी वाचते. अख्खी टर्नबकल पट्टीने गुंडाळू नका आणि प्लास्टिकची नळी चढवू नका. आत पाणी थांबतं.